३,४९९ खोडून ४९९: ऑनलाइन प्रोग्रॅमिंग कोर्स घ्यावा की सोडावा?

उडेमीसारख्या वेबसाइटवर कोर्सची किंमत ३,४९९ रुपये लिहिलेली असते. त्यावर रेघ मारलेली, शेजारी ४९९ आणि खाली उलटं धावणारं घड्याळ. हिशेब केला तर सूट ८६ टक्के निघते. या सगळ्या आकड्यांत तुमच्या कामाचा आकडा एकच, तो म्हणजे ४९९. खोडलेली किंमत देऊन कोर्स घेणारा माणूस शोधून सापडायचा नाही, कारण सेल संपला की थोड्याच दिवसांत दुसरा लागतो. त्यामुळे "तीन हजार वाचले" हा हिशेब मनातून काढून टाका. ४९९ रुपये आणि त्यापाठोपाठ जाणारे तीन-चार महिने या कोर्सला द्यायचे का, एवढंच ठरवायचं आहे.

लातूर, नांदेड, परभणी, बीडकडच्या पॉलिटेक्निक, बीसीए किंवा बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या मुलामुलींना आणि नोकरी सांभाळून कोडिंग शिकू पाहणाऱ्यांना हा निर्णय वर्षातून दोन-तीनदा तरी घ्यावा लागतो. तो पायरीपायरीने कसा घ्यायचा ते पाहू.

पायरी १: घड्याळाकडे दुर्लक्ष करा, किंमत लिहून ठेवा

कोर्स आवडला की लगेच पैसे भरू नका. तो विशलिस्टमध्ये टाका आणि आजची किंमत तारखेसह वहीत लिहा. आठवड्यात आणखी दोन वेळा बघा. तोच कोर्स ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत, लॉगिन न करता उघडूनही बघा. नव्या ग्राहकाला कधीकधी वेगळी किंमत दिसते. आठ-दहा दिवसांत तुम्हाला त्या वेबसाइटची चाल कळते आणि घड्याळाची भीती आपोआप जाते.

पैसे भरण्याच्या शेवटच्या पानापर्यंत जाऊन एकूण रक्कम पाहा. १८ टक्के जीएसटी वेगळा लागत असेल तर ४९९ चे ५८८ रुपये ८२ पैसे होतात. काही ठिकाणी कर किमतीतच धरलेला असतो, काही ठिकाणी शेवटच्या पानावर जोडतात.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये 'डार्क पॅटर्न' रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत १३ प्रकार दिले आहेत. खोटी घाई दाखवणं, न मागितलेली वस्तू गुपचूप बिलात टाकणं, सबस्क्रिप्शनमधून बाहेर पडणं मुद्दाम अवघड करणं हे त्यांतलेच. "फक्त २ तास उरले" अशी पाटी रोज नव्याने २ तास दाखवत असेल तर ती खोटी घाईच. स्क्रीनशॉट काढून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या नंबरवर, तक्रार करता येते.

आपल्याकडे एक गोष्ट खास सांभाळायची असते. मोठे सेल दिवाळी, नोव्हेंबरअखेरचा ब्लॅक फ्रायडे आणि नवीन वर्ष या काळात येतात. सोयाबीन विकून घरात थोडा पैसा आलेला असतो तो याच दिवसांत. आणि हिवाळी सत्राच्या परीक्षाही याच सुमाराला. मग होतं असं की कोर्स नोव्हेंबरात घेतला जातो, परीक्षा आटोपेपर्यंत तो उघडलाही जात नाही, आणि पैसे परत मागायची ३० दिवसांची मुदत तोवर संपलेली असते. शेवटचा पेपर ज्या दिवशी, त्याच्या दुसऱ्या दिवसाच्या आधी काहीही विकत घेऊ नका. सूट तेव्हाही असेल.

पायरी २: कशासाठी, ते एका ओळीत लिहा

"कोडिंग शिकायचंय" हे चालणार नाही. "एप्रिलपर्यंत फायनल इयर प्रोजेक्टसाठी लॉगिन आणि डेटाबेस असलेली वेबसाइट स्वतः करायची" हे चालेल. "ऑफिसातल्या एक्सेल फायली पायथनने एकत्र करायच्या" हेही चालेल. अशी ओळ लिहिता येत नसेल तर पैसे खर्च करायची वेळ अजून आलेली नाही. तोपर्यंत फुकटातल्या गोष्टी भरपूर आहेत, त्या पुढे येतातच.

मग वेळेचा हिशेब. कोर्सच्या पानावर "६५ तासांचा व्हिडिओ" लिहिलेलं असतं आणि लोकांना ते घबाड वाटतं. प्रोग्रॅमिंगचा व्हिडिओ सिनेमासारखा बघून भागत नाही. थांबवायचा, स्वतः टाइप करायचं, चूक शोधायची, पुन्हा चालवायचा. असं करताना तासाभराच्या व्हिडिओला अडीच तास सहज जातात. म्हणजे ६५ तासांचा कोर्स १६२ तासांचा झाला. रोज दीड तास, आठवड्यातले सहा दिवस म्हणजे ९ तास. १६२ भागिले ९ बरोबर १८ आठवडे. चार महिन्यांच्या वर, तेही एकही दिवस न बुडवता. मधे लग्नसराई, सबमिशन, शेतातलं काम आलं की सहा महिने धरा.

म्हणून दोन कोर्स सारख्याच दर्जाचे वाटत असतील तर कमी तासांचा घ्या. २० ते ३० तासांचा कोर्स पुरा होण्याची शक्यता खूप जास्त असते. ६५ तास विकायला बरे दिसतात. त्यांतला मोठा भाग बऱ्याचदा जुन्या आवृत्तीचे धडे न काढता तसेच ठेवल्याने साचलेला असतो.

पायरी ३: मशीन, नेट आणि लाइट

फक्त मोबाइल असेल तर कोर्स विकत घेऊ नका. कडू वाटेल, पण खरं आहे. मोबाइलवर पायथन चालवणारी अ‍ॅप आहेत, पहिल्या आठवड्याचा सराव त्यांवर होतोही, पण दहा फायलींचं प्रोजेक्ट बोटाने टाइप करून होत नाही. कॉलेजची लॅब रोज तासभर मिळते का ते आधी विचारा. मिळत असेल तर त्या वेळेभोवती आखणी करा.

लॅपटॉप असेल तर त्याची रॅम पाहा. एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, पायथन, एसक्यूएल, सी यांना ४ जीबी रॅमवर चालून जातं, फक्त ब्राउझरच्या टॅब कमी ठेवायच्या. अँड्रॉइड स्टुडिओला किमान ८ जीबी लागते आणि इम्युलेटर (पडद्यावरचा नकली फोन) सुरू केला की तीही अपुरी पडते. डॉकर (प्रोग्रॅम त्याच्या सगळ्या लवाजम्यासह एका डब्यात चालवायचं साधन) शिकवणाऱ्या कोर्सलाही ८ जीबी धरा, शिवाय बायोसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये, व्हर्च्युअलायझेशन सुरू करावं लागतं. मशीन लर्निंगसाठी मात्र भारी लॅपटॉपची गरज नाही. गुगल कोलॅब ब्राउझरमध्ये फुकट चालतं. कोर्सच्या पानावर 'रिक्वायरमेंट्स' असा भाग असतो. तिथे "फक्त एक कॉम्प्युटर" एवढंच लिहिलेलं असेल तर प्रश्नोत्तरांत रॅम शब्द शोधून बघा, रडणारे सापडतात.

क्लाउडच्या, म्हणजे एडब्ल्यूएस वगैरे भाड्याच्या सर्व्हरच्या, कोर्सला आणखी एक छुपा खर्च असतो. खातं उघडायलाच डेबिट किंवा क्रेडिट कार्ड लागतं, आणि सरावाचा सर्व्हर बंद करायचा राहिला की फुकट मर्यादा संपून बिल चालू होऊ शकतं.

नेटचा हिशेब सोपा आहे. १ मेगाबिट प्रति सेकंद वेगाचा व्हिडिओ तासाला ४५० एमबी खातो. त्या दराने ६५ तासांना २९ जीबी लागतात. रोज दीड जीबीच्या पॅकवर हा जवळजवळ वीस दिवसांचा सगळा डेटा झाला, आणि मागे जाऊन पुन्हा बघणं यात धरलेलंच नाही. व्हिडिओची क्वालिटी खाली आणली तर डेटा वाचतो, पण ३६० वर कोडची अक्षरं फुटतात, सेमीकोलन आणि कोलन एकसारखे दिसतात. ४८० वर अक्षरं वाचता येतात का, ते फुकट दाखवलेल्या धड्यावर तपासा. मोबाइल अ‍ॅपमध्ये धडे डाउनलोड करता येतात; कॉलेजच्या किंवा अभ्यासिकेच्या वाय-फायवर आठवड्याचे धडे उतरवून घ्या. मग लाइट गेली तरी मोबाइलवर धडा आणि लॅपटॉपवर कोड, जोवर बॅटरी आहे तोवर काम चालतं. कोर्सची कोड फाइल आणि सॉफ्टवेअरची इन्स्टॉलर फाइलही आधीच उतरवून ठेवा. पहिल्या दिवशी दीड जीबी इन्स्टॉलर उतरवण्यातच गेले की उत्साह तिथेच संपतो.

पायरी ४: आधी दहा दिवस फुकट

पैसे देण्याआधी त्याच विषयाचे दहा तास फुकट साधनांवर घालवा. यातून दोन गोष्टी कळतात: विषय आवडतो का, आणि तुम्ही रोज बसता का. दहा दिवसांत सहा दिवससुद्धा बसणं झालं नाही तर ४९९ भरल्याने बसणं होणार नाही.

मराठीतून सुरुवात हवी असेल तर आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प बघा. सी, पायथन, लिनक्स, लिबरऑफिस अशा विषयांचे दहा-दहा मिनिटांच्या आसपासचे धडे आहेत, बऱ्याच धड्यांना मराठी आवाज आहे. एका बाजूला धडा लावून दुसऱ्या बाजूला स्वतः करत जायचं अशी त्यांची पद्धत. काही धड्यांत सॉफ्टवेअर जुनं आहे, पण लूप आणि फंक्शन समजायला त्याने काही बिघडत नाही.

एनपीटीईएल, म्हणजे आयआयटी आणि आयआयएससी यांचा कार्यक्रम, २००३ पासून चालू आहे. जानेवारी आणि जुलैत सत्रं सुरू होतात, कोर्स ४, ८ किंवा १२ आठवड्यांचे असतात, नाव नोंदवणं आणि शिकणं फुकट. प्रमाणपत्र हवं असेल तरच परीक्षेची फी, ती १,००० रुपयांच्या आसपास असते, आणि परीक्षा केंद्रावर प्रत्यक्ष बसून द्यावी लागते. गुणांत असाइनमेंट २५ आणि परीक्षा ७५; असाइनमेंटमध्ये किमान १० आणि परीक्षेत किमान ३० मिळाले तरच प्रमाणपत्र. दर आठवड्याची असाइनमेंट ठरल्या तारखेला बंद होते, आणि आमच्या मते हीच या कार्यक्रमाची सगळ्यात मोठी जमेची बाजू. "आयुष्यभर बघता येईल" म्हटलं की माणूस उद्यावर ढकलतो. बुधवारी बंद होणार म्हटलं की मंगळवारी रात्री बसतो. डेटा स्ट्रक्चर, अल्गोरिदम, डीबीएमएस, ऑपरेटिंग सिस्टिम अशा विषयांना सवलतीचा कोर्स घेण्यापेक्षा एनपीटीईएल बरं. विद्यापीठाच्या पेपरलाही त्याचा उपयोग होतो.

इंग्रजी चालत असेल तर हार्वर्ड विद्यापीठाचा सीएस५० हा कॉम्प्युटर सायन्सचा कोर्स फुकट आहे आणि त्यातले सरावाचे प्रश्न घाम काढतात. वेब डेव्हलपमेंटसाठी फ्रीकोडकॅम्प २०१४ पासून फुकट आहे. तिथे व्हिडिओपेक्षा टाइप करणं जास्त, त्यामुळे डेटाही कमी लागतो. यूट्यूबवर हिंदीत तर एकेका विषयाच्या लांबच लांब मालिका पडल्या आहेत.

मग विकत घ्यायचंच कशाला? क्रमासाठी. फुकट सामग्री विखुरलेली असते. आज या चॅनेलचा भाग, उद्या त्या चॅनेलचा, आणि दोघांची सेटिंग वेगळी. चांगला विकतचा कोर्स पहिल्या धड्यापासून शेवटच्या प्रोजेक्टपर्यंत एका हाताने नेतो, कोडच्या फायली देतो, सराव देतो. ४९९ रुपये त्या क्रमाचे आहेत, माहितीचे नाहीत. दहा तासांत तुम्हाला विस्कळीतपणाचा त्रासच झाला नसेल तर विकत घ्यायचं कारण उरत नाही.

पायरी ५: कोर्सचं पान नीट वाचा

इथे घाई करू नका, अर्धा तास द्या.

वरच असते 'लास्ट अपडेटेड'ची तारीख. तिच्यावर विसंबू नका. एखादा धडा बदलला की तारीख नवी होते आणि बाकीचे साठ तास तसेच जुने राहतात. धड्यांची पूर्ण यादी उघडा आणि खालपासून वर वाचा. जुनेपणाच्या खुणा नावांतच सापडतात. वेबच्या कोर्समध्ये शेवटी "हेरोकूवर फुकट टाका" असा धडा असेल तर तो जुना, कारण वेबसाइट नेटवर चढवायच्या हेरोकू सेवेची फुकट योजना २८ नोव्हेंबर २०२२ ला बंद झाली. वेबपानं बांधायच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीच्या, म्हणजे रिअ‍ॅक्टच्या कोर्सची सुरुवात 'क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप'ने होत असेल तर ते साधन फेब्रुवारी २०२५ मध्ये अधिकृतपणे बाद ठरवलं गेलंय. आणि रिअ‍ॅक्ट राउटरमध्ये 'स्विच' वापरलेलं दिसलं तर तो भाग नोव्हेंबर २०२१ च्या आधीच्या आवृत्तीचा. जावात सर्व्हरचं काम करायच्या स्प्रिंग बूटचा कोर्स असेल तर आवृत्ती किमान ३ आहे का बघा. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या या आवृत्तीला किमान जावा १७ लागतं आणि 'जावाएक्स'ने सुरू होणारी बरीच पॅकेज नावं 'जकार्ता' झाली आहेत. मोबाइल अ‍ॅप करायच्या फ्लटरमध्ये मे २०२३ च्या डार्ट ३ (त्याची भाषा) नंतर नल सेफ्टी, म्हणजे रिकाम्या किमतीमुळे होणारी चूक आधीच पकडणारी तपासणी, सक्तीची आहे. पायथनच्या पांडाज लायब्ररीत डेटाफ्रेमला (तक्त्याला) ओळ जोडणारं 'अपेंड' २०२३ च्या आवृत्ती २ मध्ये काढून टाकलं. आणि पायथन २ शिकवणारा कोर्स अजून कुठे दिसला तर पान बंद करा. त्याचा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० लाच संपला.

हे एवढं बघायचं कारण असं की नवशिक्याला चूक कुठली हेच कळत नाही. शिक्षकाने टाइप केलं तेच अक्षरन् अक्षर टाइप केलं, त्याचं चाललं आणि तुमच्याकडे लाल ओळींचा पाऊस. दोष आवृत्तीचा असतो, पण पोरगं समजतं की आपल्यालाच जमत नाही. बहुतेक कोर्स अर्धवट सुटतात ते अशाच एखाद्या रात्री.

उलट, सगळे जुने कोर्स टाकाऊ नसतात. सी, एसक्यूएल, गिट, डेटा स्ट्रक्चर, जावाची मूळ भाषा, एचटीएमएलचा पाया यांना पाच-सात वर्षं काही होत नाही. एआयची साधनं शिकवणारे कोर्स मात्र काही महिन्यांतच शिळे होतात. त्या विषयावर विकतचं काही घेण्यापेक्षा त्या-त्या साधनाची अधिकृत कागदपत्रं वाचलेली बरी.

आता तारे. ४.६ पाहून भाळू नका. रेटिंगची खिडकी सुरुवातीच्या काही धड्यांतच उघडते आणि तेव्हा सगळेच खुशीत असतात. ३ आणि २ ताऱ्यांची परीक्षणं निवडा, सगळ्यात नवी आधी असा क्रम लावा आणि पंधरा-वीस वाचा. "आवाज बरा नाही", "बोलणं हळू" हे सोडून द्या. "सेक्शन १४ नंतर कोड चालत नाही", "प्रश्नाला उत्तर येत नाही" असं दोघा-तिघांनी वेगवेगळ्या महिन्यांत लिहिलं असेल तर ते खरं धरा. विद्यार्थीसंख्येलाही फार किंमत देऊ नका; फुकट कूपन वाटून ती फुगवता येते. कूपनची लिंक देणाऱ्या यूट्यूब परीक्षणांत बहुधा कमिशन असतं. एक मात्र चांगलं: उडेमीवर शिक्षकाच्या स्वतःच्या लिंकवरून घेतलं तर त्याला ९७ टक्के मिळतात, एरवी ३७. शिक्षक आवडला असेल तर त्याच्या पानावरची लिंक शोधा. किंमत तेवढीच असेल तर तुमचं काही जात नाही.

शेवटी प्रोजेक्ट कोणते आहेत ते बघा. टू-डू यादी, हवामान अ‍ॅप, कुठल्यातरी प्रसिद्ध साइटची नक्कल, हे सगळ्यांकडे असतं आणि मुलाखत घेणारा ते शंभरदा बघून बसलेला असतो. कोर्सचं प्रोजेक्ट चालेल, पण ते वळवून तुमचं करता यायला हवं. हवामान अ‍ॅप शिकवलंय ना, मग त्याच पद्धतीने डेटा डॉट गव्ह डॉट इनवरून बाजार समित्यांचे रोजचे भाव घ्या आणि लातूरच्या मोंढ्यातला सोयाबीनचा भाव दाखवणारं पान करा. फुकट नोंदणी केल्यावर त्या साइटची 'की', म्हणजे डेटा मागायचा तुमचा कोड, मिळते. भाव आला नाही त्या दिवशी पानावर काय दाखवायचं, सुट्टीच्या दिवशी काय, हे प्रश्न तुम्हालाच सोडवावे लागतात, आणि मुलाखतीत बोलायला तेच कामी येतं.

पायरी ६: चाळीस मिनिटांची चाचणी

पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून सत्तर उगवतात का ते बघतात, तसं कोर्सचंही करता येतं. जवळपास प्रत्येक कोर्सचे काही धडे फुकट दाखवतात. कोर्सची ओळख करून देणारा आणि जाहिरातीचा धडा सोडा. ज्यात प्रत्यक्ष कोड लिहिलाय असा एक निवडा. वीस मिनिटं तो बघा, सोबत टाइप करा. मग व्हिडिओ बंद करून कोरी फाइल उघडा आणि पुढच्या वीस मिनिटांत तेच, न बघता, करून बघा.

पूर्ण जमलं नाही तरी हरकत नाही. कुठे अडलं ते सांगता आलं पाहिजे. "लूप कळला, पण ही ओळ का लिहिली ते त्याने सांगितलंच नाही" असं वारंवार वाटलं तर शिक्षक हात चालवतोय, शिकवत नाही. उच्चार कळतो का, सबटायटल बरोबर आहेत का, १.२५ वेगाने ऐकलं तर डोकं चालतं का, हेही याच चाळीस मिनिटांत कळतं. इंग्रजी बोलणं झेपत नसेल तर लाज न बाळगता हिंदी कोर्स घ्या. कोड तसाही एकाच भाषेत लिहायचा असतो.

प्रमाणपत्राविषयी थोडक्यात

सवलतीच्या कोर्सचं 'कम्प्लिशन सर्टिफिकेट' हे धडे संपवल्याचं असतं, परीक्षा दिल्याचं नसतं. लिंक्डइनवर लावा, पण नोकरी त्यावर मिळत नाही. क्रेडिटसाठी काही हवं असेल तर एनपीटीईएल कॉलेजमध्ये चालतं का ते विभागप्रमुखांना विचारा. सगळीकडे नियम सारखे नसतात.

कुठे हात पोळतात

महिन्याच्या सबस्क्रिप्शनमध्ये पहिला महिना स्वस्त असतो. ८०० रुपये महिना आणि चार महिने लागले तर ३,२०० झाले. याच्यापुढे ४९९ एकदाच भरणं परवडतं. घ्यायचंच असेल तर सुट्टीच्या एका महिन्यात, रोज चार तास बसणार असाल तेव्हाच. पैसे आपोआप कापले जाण्याआधी किमान २४ तास सूचना द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मेसेज वाचत चला. यूपीआय ऑटोपे असेल तर तुमच्या यूपीआय अ‍ॅपमधूनही ते रद्द करता येतं, कोर्सच्या साइटवर बटण शोधत बसायची गरज नाही. कोर्सेरा या कोर्सच्या साइटवर काही कोर्सना आर्थिक मदतीचा अर्ज करता येतो; उत्तर यायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून आधीच भरा.

फोन करून "नोकरीची हमी, ६० हजारांचा कोर्स आज २५ हजारांत, तोही हप्त्यावर" असं सांगणारे वेगळे. हप्ता म्हटलं की बहुधा ते वित्त कंपनीचं कर्ज असतं, आणि कर्ज तुमच्या किंवा वडिलांच्या नावावर चढतं. कोर्स सोडला तरी हप्ता सुटत नाही आणि थकला तर सिबिल स्कोअर बिघडतो, पुढे पीककर्जालाही त्याची झळ लागू शकते. ओटीपी सांगण्याआधी कर्जाचं 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागा. त्यात व्याज, शुल्क, रद्द करायची मुदत सगळं लिहिलेलं असतं. ते द्यायला टाळाटाळ झाली तर फोन ठेवा.

टेलिग्रामवर "९९ रुपयांत १०० कोर्स" विकतात. ते चोरीचे असतात, त्यांना प्रश्नोत्तरं नसतात, अद्ययावत भाग नसतो, आणि झिप फाइलमधून लॅपटॉपमध्ये काय शिरेल याचा नेम नाही. शंभर कोर्स हातात असलेला माणूस एकही पुरा करत नाही, हा त्यातला आणखी एक तोटा. पैसे पाठवून फसवणूक झालीच तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, फोन करा; जितका लवकर, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

घेतल्यानंतरचे ३० दिवस

कोर्स ब्राउझरमधून घ्या. अ‍ॅप स्टोअरमधून घेतला तर पैसे परत मिळण्याचा रस्ता वेगळा होऊ शकतो. आयफोनवर तर तो अ‍ॅपलकडून जातो. पावतीचा ईमेल जपून ठेवा आणि त्याच दिवशी मोबाइलमध्ये २५ व्या दिवसाचा अलार्म लावा.

उडेमीवर ३० दिवसांत पैसे परत मागता येतात, पण बराचसा कोर्स बघून किंवा उतरवून झाला असेल, किंवा तुम्ही वरचेवर घेऊन परत करत असाल, तर ते नाकारू शकतात. म्हणून पहिल्याच दिवशी सगळे धडे डाउनलोड करू नका. एका आठवड्याचे उतरवा, ते झाले की पुढचे.

पहिल्या आठवड्यात दुसरा-तिसरा सेक्शन करा आणि मधलाच एखादा, समजा बारावा, उघडून कोड तुमच्या मशीनवर चालतो का ते बघा. कळलं नाही तरी चालेल, चाललं पाहिजे. प्रश्नोत्तरांत एक नेमका प्रश्न टाका: आवृत्ती, कुठली ओळ, काय एरर आली. चार-पाच दिवसांत उत्तर आलं का ते लिहून ठेवा. एरर हल्ली एआय चॅटला विचारूनही सुटते, पण ती का आली ते स्वतःच्या शब्दांत वहीत लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

अलार्म वाजेल तेव्हा तीन गोष्टी तपासा: किमान १५ तास बसणं झालं का, व्हिडिओ न बघता लिहिलेली एक तरी फाइल चालते का, आणि बाराव्या सेक्शनचा कोड चालला का. तिन्ही हो असतील तर कोर्स ठेवा आणि हा संपेपर्यंत दुसरा सेल बघूही नका. पहिल्या दोनांना हो आणि तिसऱ्याला नाही, तर कोर्स जुना आहे. पैसे परत मागा आणि कारणात सेक्शनचा क्रमांक व एरर लिहा. पैसे बँकेत परत येणार की साइटवरच क्रेडिट म्हणून, ते अर्ज करतानाच बघा, काही पेमेंट पद्धतींना क्रेडिटच मिळतं. पहिल्याच प्रश्नाला नाही असेल तर दोष कोर्सचा नाही, पण पैसे तरीही परत मागा. पुढच्या उन्हाळी सुट्टीत तोच कोर्स साधारण त्याच भावात मिळेल, आणि तोवर त्याची नवी आवृत्तीही आलेली असेल.